विटीला कोण ओढते?
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा कार्यवाहांनी आपल्या निवेदनात घेतलेलाच आहे, तेव्हा मी त्याची पुनरुक्ती करणार नाही. आज मला केवळ एका धड्याविषयी बोलायचे आहे. तो धडा आहे आठवीच्या विज्ञानातील ‘बल’ आणि त्याचाच नववीत येणारा पुढचा भाग, म्हणजे गतीचे नियम.

मी भाषेची शिक्षिका. तिने भौतिकीच्या धड्यात का शिरावे, असे कोणाला वाटेल. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, शालेय अभ्यासक्रमात मुलाचा रोजचा अनुभव आणि पुस्तकातील विधान यांची पहिली उघड टक्कर याच धड्यात होते. दुसरे कारण आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. प्रवेशाच्या वेळी पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘बाई, मराठीतून विज्ञान शिकून या रायपुरात पोराचे पुढे कसे व्हायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्या शाळेचा पट का रोडावतो, याचे बरेचसे उत्तर या प्रश्नात आहे. त्याला अभिमानाच्या भाषणाने उत्तर देता येत नाही. वर्गात काय घडते ते दाखवूनच द्यावे लागते. म्हणून हा धडा.

प्रथम शब्द पाहू. ‘बल’ हा शब्द मुलाला नवा नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. घरी आपण ‘बळ’ म्हणतो. अंगात बळ असते, आजारात बळ जाते, बळी तो कान पिळी. मारुतीला आपण बलभीम म्हणतो. या सगळ्या बोलण्यात बळ ही कोणाच्या तरी अंगी असलेली वस्तू आहे, जशी पेटीतली पुंजी. रस्त्यावर हिंदीत मूल ‘ताकत’ ऐकते, खेळताना ‘जोर लगा’ ऐकते, नवरात्रात ‘शक्ती’ ऐकते. भौतिकीत मात्र शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, आणि बल म्हणजे एका वस्तूने दुसरीला ओढणे किंवा ढकलणे. पहिलवानाच्या दंडात ताकद असेल, परंतु भौतिकीच्या अर्थाने ‘बल’ त्याच्या दंडात साठवलेले नसते. तो गदा उचलू लागला की त्याच्यात आणि गदेत बल उद्भवते. बल कोणाचे नसते; ते दोघांमधले असते. एवढे एक वाक्य मुलाच्या गळी उतरवण्यासाठी आम्ही जवळजवळ दोन आठवडे खर्च करतो.

ते अवघड किती, याचा अनुभव आपण येथेच घ्यावा. विटी दांडूने उडवली. ती वर चालली आहे, अजून शिखरापर्यंत पोहोचलेली नाही. या क्षणी विटीवर कोणकोणती बले आहेत? सभागृहातील बहुतेकांच्या मनात दोन उत्तरे आली असतील: दांडूने दिलेला जोर वरच्या दिशेने आणि पृथ्वीची ओढ खालच्या दिशेने, वरचा जोर हळूहळू सरतो आणि विटी खाली येते. वर्गातही हेच उत्तर येते, आणि बलाची व्याख्या तोंडपाठ असलेली मुलेही तेच देतात. खरे उत्तर असे की, दांडू विटीपासून सुटला त्याच क्षणी त्याचे बल संपले. हवेचा किंचित विरोध सोडला तर वर जाणाऱ्या विटीवर एकच बल आहे, ते म्हणजे पृथ्वीची खालची ओढ. विटी वर जाते ती आधी मिळालेल्या वेगामुळे, आणि तो वेग ही ओढ क्षणोक्षणी कमी करीत असते.

चुकीचे उत्तर देणाऱ्यांनी खंत बाळगण्याचे कारण नाही. त्यांची संगत फार थोरांची आहे. वैशेषिक दर्शनात सुटलेल्या बाणाचा विचार आहे. प्रत्यंचेच्या ढकलण्याने, म्हणजे नोदनाने, बाणाला पहिली गती मिळते. तिच्यातून बाणात ‘संस्कार’ उत्पन्न होतो. तो पुढची गती चालवतो आणि संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण पडतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्यां ब्युरिदान याने फेकलेल्या वस्तूत ‘इम्पिटस’ नावाचा जोर शिरतो असे मांडले. आपल्या आठवीतल्या मुलाचा ‘विटीतला जोर’ हा त्याच कुळातला आहे. १९८२ साली जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उडवलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न विचारला, तेव्हा बहुसंख्यांनी वरच्या दिशेने बलाचा बाण काढला. पुढे हार्वर्ड विद्यापीठात एरिक मेझर यांना आढळले की, अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थीही अशा साध्या प्रश्नांत अडखळतात. तेव्हा इंग्रजी माध्यम हे या अडचणीवरचे औषध नव्हे, एवढे तरी यातून दिसते. जी समजूत हजारो वर्षे शहाण्या माणसांच्या मनात टिकली, ती फळ्यावरील एका व्याख्येने जात नाही. तिला प्रत्यक्षाच्या आधाराने हलवावे लागते.

आता आम्ही काय करतो ते सांगते.

आरंभ पोळ्यापासून होतो. छत्तीसगडात पोळ्याला मातीचा, चाके लावलेला नांदिया बैल घरोघर येतो. आपल्यापैकी ज्यांचे आजोळ नागपूरकडे आहे, त्यांच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलही असतो. मुले हे बैल शाळेत आणतात. एका टोकाला दोन विटा ठेवून फळी तिरकी करायची आणि तिच्या एकाच खुणेवरून बैल सोडायचा. खाली एकदा वाळू पसरलेली, एकदा गोणपाट, एकदा उघडी फरशी. बैल कोठे थांबला तेथे खडूची रेघ. वाळूत तो वीतभर जातो, गोणपाटावर थोडा अधिक, फरशीवर बराच लांब. मग प्रश्न: फळीवरून उतरताना त्याला मिळालेला वेग सारखाच होता, मग प्रत्येक वेळी ‘जोर’ वेगवेगळ्या ठिकाणी कसा सरला? मुले आपणच म्हणू लागतात की, जोर सरला नाही, वाळूने बैलाला अडवले. येथे घर्षण हा शब्द येतो, कारण आता त्याची गरज निर्माण झालेली असते. त्यापुढचा प्रश्न: जमीन गुळगुळीत, त्याहून गुळगुळीत, अगदी घर्षणच नाही अशी केली तर? वर्गात क्षणभर शांतता होते, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘थांबणारच नाही!’ गॅलिलिओने तिरक्या फळीवरून गोळे सोडून हीच झेप घेतली होती. ज्यांच्याकडे बैल नाही त्यांना कॅरम आहे. पावडर न टाकलेल्या आणि टाकलेल्या बोर्डावर त्याच बोटाने स्ट्रायकर मारून पाहावा.

म्हणजे गती चालू राहण्यास बल लागत नाही. गती बदलण्यास लागते. स्थिर असलेले हलण्यास आणि चालते असलेले थांबण्यास जी आडकाठी करते, त्या गुणाला जडत्व म्हणतात. नागपूरच्या गाडीने ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात, त्यांना पुढे कोणी ढकललेले नसते. गाडी मंदावली, ते मंदावले नाहीत, एवढेच.

दुसरा प्रयोग ताणकाट्याचा. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवायचे. एक वर्गातल्या दांडग्या मुलाच्या हाती, दुसरा सर्वांत किरकोळ मुलीच्या हाती. ओढा! कोणाचा काटा जास्त दाखवील? सारा वर्ग मुलाच्या बाजूने हात वर करतो. दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात. मुले काटे बदलून पाहतात, पुन्हा तेच. न्यूटनचा तिसरा नियम असा डोळ्यांसमोर उभा राहतो. लगेच कोणीतरी विचारते, आणि विचारलेच पाहिजे, की मग रस्सीखेचीत एक बाजू जिंकते कशी? त्यासाठी वर्ग पटांगणात जातो. दांडग्या मुलाला मोजे घालून गुळगुळीत ओट्यावर उभे करायचे आणि मुलीला रबरी तळव्याचे बूट घालून खरखरीत जमिनीवर. मग अनेकदा मुलगीच जिंकते. दोरी दोघांना सारखीच ओढते. निकाल पायाखालची जमीन लावते.

तिसरी गोष्ट टेबलाची. टेबलावरचे पुस्तक पृथ्वी खाली ओढते, हे मुलाला मान्य असते. परंतु टेबल पुस्तकाला वर ढकलते, हे तो मानत नाही. ‘टेबल कसे ढकलील? ते निर्जीव आहे.’ अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन बाकांमध्ये लवचीक फूटपट्टी आडवी ठेवून तिच्यावर पुस्तक ठेवायचे. पट्टी वाकते आणि पुस्तकाला तोलून धरते. मग जाड पट्टी, मग फळी. वाकणे कमी होत जाते, परंतु तोलणे तेच राहते. टेबलही वाकते, आपल्या डोळ्यांना न दिसेल इतके.

आणि चौथी, वस्तुमान व वजन. बाजारात आपण ‘वजन’ किलोत सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. वर्गात मात्र किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक, आणि वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, ती न्यूटनमध्ये. एक न्यूटन म्हणजे केवढे? शंभर ग्रॅमची साबणाची वडी तळहातावर ठेवली की हाताला जो भार जाणवतो, तो सुमारे एक न्यूटन. ४२ किलोग्रॅमच्या मुलीचे वजन येथे सुमारे ४१२ न्यूटन. चंद्रावर ते साधारण एक षष्ठांश, म्हणजे ६९ न्यूटनच्या आसपास. वस्तुमान मात्र तेथेही ४२ किलोग्रॅमच.

आता माझ्या प्रांताकडे वळते. ही सारी प्रात्यक्षिके करूनही ‘विटीतला जोर’ पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. त्यावर भाषेच्या तासाला आम्ही व्याकरणाचा उपाय योजला आहे. बलाचा प्रत्येक बाण काढण्यापूर्वी मुलाने एक पूर्ण वाक्य लिहायचे. कोण, कोणाला, कोणत्या दिशेने ओढतो किंवा ढकलतो? ‘पृथ्वी विटीला खाली ओढते.’ कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, बाण मंजूर. आता ‘विटीतला जोर’ लिहून पाहा. विटीला वर कोण ढकलतो? दांडू? तो तर हातात खाली राहिला आहे. कर्ता सापडत नाही, म्हणून बाण नामंजूर. आणि ज्या वाक्यात कर्ता व कर्म दोन्ही आहेत, त्यांची अदलाबदल केली की तिसरा नियम आपोआप हाती येतो: पृथ्वी विटीला खाली ओढते, विटी पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढते. मग पृथ्वी का हलत नाही, हा प्रश्न येतो आणि वस्तुमानाचे महत्त्व कळते.

या उपायाचे एक वैशिष्ट्य सांगते. मराठीत कर्माला ‘ला’ लागतो: विटीला. छत्तीसगढीतही ‘ला’च लागतो: ‘धरती ह गिल्ली ला खींचथे.’ हिंदीत ‘को’. आमच्या वर्गात कित्येक मुलांची घरची बोली छत्तीसगढी आहे. ती मुले हे वाक्य आधी तिच्यात रचतात आणि मग मराठीत लिहितात. बलाला कर्ता आणि कर्म हवे, ही अट तिन्ही भाषांत तशीच राहते.

येथे पालकांच्या प्रश्नाकडे येते. दहावीनंतर मूल हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात जाणार, तेव्हा हे मराठी शब्द वाया जातील का? आमच्या विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. बल हिंदीतही बल. घर्षण, त्वरण, संवेग, वेग, चाल हे दोन्हीकडे तेच. जडत्वाच्या ‘ड’खाली हिंदीत एक नुक्ता येतो. ठळक फरक दोन: आपले वस्तुमान हिंदीत द्रव्यमान होते आणि आपले वजन तेथे भार होते. तिसऱ्या रकान्यात फोर्स, फ्रिक्शन, अ‍ॅक्सलरेशन, मोमेंटम, मास, वेट. मराठी पंचांगात पोळा श्रावणी अमावास्येला येतो, येथल्या पंचांगात तीच तिथी भाद्रपदातली; बैल मात्र एकाच दिवशी सजतात. शब्दांचेही तसेच आहे. ज्याला वस्तूच ओळखीची आहे, त्याला दुसरे नाव जड जात नाही. मी असे म्हणणार नाही की, माध्यम बदलताना त्रास होत नाही. पहिले काही महिने होतो, विशेषतः इंग्रजीत उत्तरे लिहिताना, आणि त्यासाठीच आठवीपासून तिसऱ्या रकान्याचा सराव आम्ही नेमाने घेतो. परंतु विटीवर किती बले आहेत हे न कळता केवळ ‘फोर्स’ची व्याख्या पाठ केलेल्या मुलाला जो त्रास होतो, तो काही महिन्यांत संपत नाही.

आपल्या भाषेत विज्ञान मांडण्याची धडपड नवी नाही. गॅलिलिओने १६३२ चा आपला प्रसिद्ध संवाद विद्वानांच्या लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पदार्थविज्ञानाची पुस्तके छापली जाऊ लागली. त्या काळी या विषयाला ‘सिद्धपदार्थविज्ञान’ असे भारदस्त नाव होते. जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे आपण ज्याचे रहिवासी होतो त्या राज्यात, होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम हिंदीत सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, गेला आणि २००२ पर्यंत चालला. साध्या, स्वस्त सामानावर विज्ञान उभे राहते, हे त्याने दाखवून दिले. आणि गुरुत्वाकर्षणावर जगन्मान्य संशोधन करणारे डॉ. जयंत नारळीकर बनारसमध्ये वाढले, आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात. पुढे त्यांनी मराठीतून विपुल विज्ञानलेखन केले. हिंदी शहरात राहून मराठी घर राखणे आणि विज्ञानात पुढे जाणे यांत विरोध नाही, याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता दोन विनंत्या.

माजी विद्यार्थ्यांना पहिली. आपल्यापैकी कित्येकांची हयात भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल्वेत, बांधकामात गेली. भिलाईत रूळ तयार होतात. मुख्य मार्गावर आज वापरला जाणारा रूळ मीटरला साठ किलोग्रॅमचा असतो, म्हणजे तेरा मीटरच्या एका तुकड्याचे वस्तुमान ७८० किलोग्रॅम होते. तो जमिनीवरून सरकवण्यास काय लागते आणि रुळांवरून चालणाऱ्या चाकांवर तो एकदा ठेवला की काय लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याने आठवीच्या वर्गात येऊन एक तास सांगावे. देणगीची पावती जितक्या आनंदाने फाडू, तितक्याच आनंदाने त्या तासाची नोंद वेळापत्रकात करू. आणि द्यायचेच असेल तर ताणकाटे द्या. आज चाळीस मुलांत चार आहेत.

दुसरी विनंती पालकांना, विशेषतः मातांना. आपले स्वयंपाकघर ही बलाची प्रयोगशाळा आहे. चकलीचे पीठ घट्ट भिजले तर सोऱ्या किती दाबावा लागतो, विळीची धार बोथट झाली की भोपळ्यावर अधिक जोर का द्यावा लागतो, रवीची दोरी एकदा एका हाताने आणि एकदा दुसऱ्या हाताने ओढली की ताक कसे घुसळले जाते, हे मुलांना करू द्या, मुलींना आणि मुलांनाही. उत्तर सांगण्याची घाई करू नका. आपल्याला उत्तर येत नसेल तरी बिघडत नाही. एवढेच विचारा: कोण ढकलतो? कोणाला? कोणत्या दिशेला? त्या भाषेत विचारा, जी आपल्या तोंडी सहज आहे. मूल उत्तर शोधू लागले की पुढचे काम आमचे.

 विज्ञानाच्या खोलीत बैल, फळी आणि वाळू मांडून ठेवली आहे. भोजनापूर्वी आठवीची मुले तेथे आपली वाट पाहत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न विटीचा असेल.